हीटर आपोआप बंद होतो, तो आपल्या भल्यासाठी!

मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमचा मुलगा बारा वर्षांचा. त्याला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. थंडी वाढली की त्याचे हातपाय आणि कंबर ठणकायला लागते. एकदा दुखणे सुरू झाले की दवाखान्यात भरती केल्याशिवाय थांबत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, "पोराला थंडी लागू देऊ नका आणि पाणी भरपूर पाजा." घर आमचे एका खोलीचे, वर टिनाचे छत. सासूबाई संध्याकाळी सिगडी पेटवायच्या, पण तिच्या धुराने मुलाला खोकला यायचा. शेवटी चार पैसे जमवून बाजारातून दोन नळ्यांचा हीटर आणला.

दोन दिवस हीटर बरा चालला. तिसऱ्या दिवशी मध्येच बंद पडू लागला. जरा हलवला की सुरू, थोड्या वेळाने पुन्हा बंद. शेजारच्या मुलाने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काकू, याच्या बुडाशी एक बटण आहे, तेच नीट दबत नाही. डायरेक्ट करून देतो, मग नाही बंद पडत." पाच मिनिटांत त्याने करून दिले. हीटर त्यानंतर खरोखरच बंद पडला नाही. आम्ही खूश!

चौथ्या रात्री जळका वास आला म्हणून मला जाग आली. झोपेत कुणाचा तरी पाय लागून हीटर तोंडावर पडला होता आणि पडल्यापडल्याही नळ्या लालभडक होत्या. खालची सतरंजी काळी पडून धुमसत होती. मुलाची गोधडी तिथून वीतभर अंतरावर होती. मी भिंतीवरचा स्विच बंद केला, प्लग काढला, सतरंजी बाहेर ओढली आणि तिच्यावर पाणी ओतले. थोडक्यात निभावले.

सकाळी ओळखीच्या वायरमनला हीटर दाखवला. त्याने बुडाचे बटण दाखवले. हीटर जमिनीवर सरळ उभा असतो तेव्हा ते बटण दाबलेले राहते आणि वीज सुरू राहते. हीटर कलंडला की बटण सुटते आणि वीज तोडली जाते. आमच्या खोलीची फरशी खालीवर होती. त्यामुळे बटण नीट दबत नव्हते आणि हीटर बंद पडत होता. एक सपाट फळी खाली ठेवली असती तरी काम झाले असते. आम्ही मात्र जीव वाचवणारे बटणच काढून टाकले होते.

तेव्हापासून मी वस्तीत ज्याच्या-त्याच्या घरी हीटर दिसला की आधी त्याचे बूड पाहते. हा लेखही त्यासाठीच आहे. हीटर बंद पडणे हा दर वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा तो काहीतरी सांगत असतो. ते समजून घेतले तर हीटरही नीट चालेल आणि आपण निर्धास्त झोपू.

ऊब ही चैन नाही

विदर्भातला उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, थंडीबद्दल कुणी बोलत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. टिनाचे छत रात्री बाहेरच्या हवेइतकेच गार होते. पक्क्या स्लॅबच्या घरात जी थंडी एका चादरीत भागते, ती आपल्या खोलीत दोन गोधड्यांतही भागत नाही.

सिकलसेलचा आजार विदर्भात, आणि आपल्या बौद्ध समाजातही, बऱ्याच घरांत आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे अडकण्याचा धोका वाढतो आणि असह्य वेदना सुरू होतात. शरीरात पाणी कमी पडले तरी तेच होते. दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे यांनाही थंडी बाधते. म्हणून अशा घरात हीटर आला तर "कशाला हे श्रीमंती चोचले" असे कुणी म्हणू नये. तो औषधासारखा आहे. आणि औषधासारखाच तो बेताने आणि रीतीने वापरावा लागतो.

सिगडी की हीटर?

बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपणे सगळ्यात धोक्याचे. कोळसा पूर्ण जळत नाही तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही आणि तो सकाळी उठत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. निखाऱ्यातूनच हा वायू निघत राहतो. सिगडी शेकायची तर अंगणात शेका आणि विझवूनच आत या. आत आणायचीच वेळ आली तर दार-खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर काढा.

विजेच्या हीटरबद्दल उलटी समजूत आहे. "हीटर खोलीतला ऑक्सिजन जाळतो" असे पुष्कळजण सांगतात. तसे होत नाही. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नाही, तार फक्त तापते. म्हणून त्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघत नाही. हवा तापल्यामुळे ती कोरडी होते, नाक आणि घसा सुकतो, म्हणून गुदमरल्यासारखे वाटते. त्याचा उपाय पुढे दिला आहे. विजेच्या हीटरचे धोके वेगळे आहेत: आग, शॉक आणि चटका.

आपला हीटर कोणता?

वस्तीत साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, उघड्या कॉइलची विजेची शेगडी. पांढऱ्या मातीच्या थाळीत नागमोडी तार बसवलेली असते. ती मुळात स्वयंपाकासाठी. तिच्या उघड्या तारेतच वीज खेळत असते, त्यामुळे चमचा, सांडशी किंवा उतू गेलेले पाणी लागले की शॉक बसतो. शेकण्यासाठी ही शेगडी वापरूच नका. लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच नको.

दुसरा, नळ्यांचा हीटर. यात काचेच्या नळ्या लाल होतात आणि समोर बसलेल्याला थेट ऊब देतात. खोली लवकर गरम होत नाही, पण समोरचा माणूस लगेच गरम होतो.

तिसरा, पंख्याचा हीटर म्हणजे ब्लोअर. आत तापलेल्या तारेवरून पंखा हवा फेकतो. लहान खोली यानेच लवकर उबदार होते. हल्ली शेकोटीच्या आकाराचे, आत ज्वाळा हलताना दिसणारे हीटरही बाजारात येतात. त्या ज्वाळा म्हणजे नुसता दिव्याचा खेळ. ऊब देणारा आतला ब्लोअर तोच असतो. मुले मात्र त्या ज्वाळा धरायला धावतात, हे लक्षात ठेवा.

कोणताही घ्या, आयएसआय खूण, तीन पिनांचा प्लग, समोर घट्ट जाळी, कलंडल्यावर बंद होण्याची सोय आणि फार तापल्यावर बंद होण्याची सोय एवढे पाहूनच घ्या. दुकानातच हीटर सुरू करून जरा तिरपा करून बघा. बंद झाला तर बटण ठीक आहे. जुन्या बाजारातला स्वस्त हीटर घेतला तर त्याचे बटण कुणीतरी आधीच 'डायरेक्ट' केलेले असू शकते.

एक हीटर म्हणजे दहा कूलर

आपल्याकडे प्रत्येक घरात कूलरचा पॉइंट असतो. हिवाळ्यात कूलर उचलून ठेवला की त्याच पॉइंटवर हीटर लागतो. इथेच पहिली चूक होते. साधा घरगुती कूलर सुमारे २०० वॅट वीज घेतो. हीटर पूर्ण चालवला तर २,००० वॅट घेतो. म्हणजे दहा कूलर एकाच पॉइंटवर.

हिशेब सोपा आहे. हीटरवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा, किती अँपिअर वीज ओढली जाते ते कळेल. १,००० वॅटला साडेचारच्या आत, २,००० वॅटला पावणेनऊच्या आसपास. घरातला नेहमीचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा. म्हणजे २,००० वॅटचा हीटर लहान सॉकेटवर चालतच नाही. चालवला तर भिंतीतली वायर तापत राहते, तिचे प्लास्टिक मऊ होते आणि एखाद्या रात्री पेट घेते. मोठ्या हीटरसाठी मेनबोर्डपासून १६ अँपिअरच्या सॉकेटपर्यंत वेगळी, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकून घ्या.

तेवढा खर्च जमत नसेल तर हीटर १,००० वॅटवर म्हणजे एकाच नळीवर किंवा पहिल्या बटणावर चालवा. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला तेवढा पुरतो. त्या वेळी त्याच लाइनवर इस्त्री, पाणी तापवायचा रॉड किंवा मिक्सर लावू नका.

एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर नकोच. बोर्डाची वायर बारीक असते आणि ती गुंडाळलेली किंवा सतरंजीखाली दबलेली असेल तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरवर किंवा आकडा टाकून घेतलेल्या विजेवर हीटर लावणे म्हणजे आगीला बोलावणे. वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो तो पाहा. तो एक किलोवॅटपेक्षा कमी असेल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज द्या.

बिलाचाही विचार करा. १,००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट जाते. रोज चार तास चालवला तर महिन्याला १२० युनिट. घरगुती विजेत १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, म्हणजे हीटरमुळे पूर्ण बिलाचा नूर बदलतो. झोपण्याआधी एक तास खोली गरम करून बंद केला तर महिन्याला ३० युनिटांत भागते. सुरक्षितही तेच आहे.

कुठे ठेवायचा?

हीटरच्या समोर आणि बाजूला तीन फूट जागा मोकळी हवी. एका खोलीच्या घरात हे कठीण आहे, पण अशक्य नाही. संध्याकाळी सगळे बसलेले असताना लावा, अंथरुणे घालायच्या वेळी बंद करा.

- सपाट जमिनीवर ठेवा. फरशी खालीवर असेल तर जड, सपाट फळी किंवा शहाबादी फरशीचा तुकडा खाली घाला. खुर्चीवर, पेटीवर, पलंगावर ठेवू नका.
- अंथरूण, मच्छरदाणी, पडदा, दोरीवरचे कपडे, मुलांची दप्तरे यांच्यापासून लांब. आजकालची जाड मिंक ब्लँकेटे कृत्रिम धाग्यांची असतात. ती पेटली की वितळून अंगाला चिकटतात.
- हीटरवर ओले कपडे वाळत घालणे ही हिवाळ्यातली नेहमीची चूक. मुलाचा शाळेचा गणवेश सकाळपर्यंत वाळला नाही तर इस्त्रीने वाळवा, हीटरवर नको.
- गॅस सिलिंडर आणि ओट्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा. गॅसचा वास आला तर हीटरचे काय, कुठल्याच बटणाला हात लावू नका. आधी दार-खिडकी उघडा आणि रेग्युलेटर बंद करा.
- रॉकेल, थिनर, सॅनिटायझर, स्प्रेचे डबे जवळ नकोत.
- न्हाणीजवळ, ओल्या फरशीवर, ओल्या हाताने हीटर हाताळू नका.
- लहान मुलांना एकटे सोडून बाहेर जाताना आणि झोपताना हीटर बंद. नुसते हीटरचे बटण नव्हे, भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा.

हीटर काय सांगतो आहे?

आता मुख्य विषय. हीटर नीट चालत नसेल तर वायरमनकडे धावण्याआधी किंवा स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी हे क्रमाने पाहा. प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी प्लग काढा.

*मुळीच सुरू होत नाही.* त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का पाहा. मोठ्या सॉकेटमध्ये चार्जर बसणार नाही, तिथे त्याच बोर्डावरचा दिवा लागतो का ते पाहा. वीज असेल तर हीटर सपाट जागेवर आहे का, बुडाचे बटण पूर्ण दाबले जाते का ते बघा. गोल फिरवायचे तापमानाचे बटण सगळ्यात कमीवर असले तरी हीटर सुरू होत नाही, कारण त्याच्या मते खोली पुरेशी गरम आहे. ते जास्तीकडे फिरवून पाहा.

*थोडा वेळ चालतो आणि बंद होतो, मग आपोआप सुरू होतो.* बंद होताना 'टिक' असा बारीक आवाज आला तर बहुधा बिघाड नाही. ठरवलेली ऊब झाली की तापमानाचे बटण हीटरला विश्रांती देते आणि खोली गार झाली की पुन्हा सुरू करते.

*पंधरा-वीस मिनिटांनी बंद होतो, लवकर सुरू होत नाही.* हीटर आतून फार तापला आहे. मागची हवा ओढायची जाळी भिंतीला चिकटलेली असते किंवा धुळीने बुजलेली असते. वर्षभर पेटीखाली पडलेल्या ब्लोअरमध्ये हमखास धूळ, केस, कापसाचे तंतू अडकतात. प्लग काढा, अर्धा तास गार होऊ द्या, कोरड्या ब्रशने किंवा जुन्या मऊ कुंच्याने जाळी बाहेरून साफ करा, भिंतीपासून एक फूट पुढे ओढा आणि मग लावा. तरीही वारंवार असेच होत असेल तर आतला पंखा मंद झाला आहे. दुरुस्ती करा. आत जास्त तापल्यावर वीज तोडणारा एक लहान भाग असतो, तो जळाला तर तसाच नवा बसवायचा असतो. त्याच्या जागी साधी तार जोडून 'डायरेक्ट' करणारा मेकॅनिक स्वस्त पडतो, पण तो हीटर यापुढे कधीच आपणहून थांबणार नाही.

*पंखा फिरतो, हवा गार येते.* आधी बटण नुसत्या पंख्यावर नाही ना ते पाहा. नसेल तर तापणारी तार तुटली आहे. ब्लोअर गरम होतो पण पंखा फिरत नाही, असे दिसले तर मात्र लगेच बंद करा. त्यात आग लागण्याचा धोका आहे.

*एकच नळी लाल होते.* दुसरी नळी जळाली असेल. ती बदलता येते. नळीची काच तडकलेली दिसली तर हीटर लावू नका. आतल्या उघड्या तारेत वीज असते.

*एमसीबी ट्रिप होतो किंवा फ्यूज उडतो.* लाइनवर भार जास्त झाला आहे किंवा हीटरमध्ये शॉर्ट आहे. बाकी सगळे बंद करून एकाच नळीवर लावून पाहा. तरीही ट्रिप झाला तर पुन्हा पुन्हा वर करू नका. मोठा एमसीबी बसवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा उपाय नाही. तसे केले तर एमसीबी वाचतो आणि भिंतीतली वायर जळते.

*वास येतो.* हंगामात पहिल्यांदा लावल्यावर पाच-दहा मिनिटे धूळ जळाल्याचा वास येतो. दार उघडे ठेवून तो जाऊ द्या. प्लास्टिक किंवा रबर जळाल्याचा, सडक्या मासळीसारखा वास आला तर कुठेतरी वायर किंवा सॉकेट जळते आहे. मेन स्विच बंद करा.

*प्लग गरम लागतो.* अर्ध्या तासाने हीटर बंद करून, कोरड्या हाताने प्लग काढून पाहा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल, प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडले असेल, लावताना 'चर्र' आवाज येत असेल तर सॉकेट सैल झाला आहे. सैल सॉकेट हे हीटरच्या आगीचे मोठे कारण आहे. सॉकेट बदलायला थोडेच पैसे लागतात, ते टाळू नका.

*हात लावला की झिणझिण्या येतात.* हा शेवटचा इशारा समजा. हीटरच्या लोखंडी अंगात वीज उतरते आहे आणि घराचे अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. तो हीटर बाजूला ठेवा आणि घराचे अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. कारण हेच असते. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती कापून प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणे म्हणजे संरक्षणच कापणे.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. तीस मिलिअँपिअरची वीज कुठे गळाली तरी तो क्षणात वीज तोडतो. मेनबोर्डात तो एकदा बसवून घ्या. हिवाळ्यात हीटरपासून आणि उन्हाळ्यात कूलरपासून घरातल्या सगळ्यांना वाचवतो. त्याच्यावरचे 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. तो खाली पडला पाहिजे.

हीटरसमोर कोण बसले आहे?

*सिकलसेलचे रुग्ण:* खोली उबदार हवी, पण फार तापलेली नको. गरम खोलीतून एकदम थंड हवेत जाणेही बाधते. रात्री संडासला बाहेर जायचे तर स्वेटर, कानटोपी आणि पायात मोजे घालूनच. हीटरने हवा कोरडी होते, म्हणून पाणी पाजायला विसरू नका. हिवाळ्यात तहान लागत नाही, तरी थोडे थोडे पाणी देत राहा. कोमट चालेल.

*मधुमेहाचे रुग्ण:* मधुमेह जुना असेल तर पायाची संवेदना कमी होते. कुष्ठरोगाने नसांवर परिणाम झालेल्यांचेही तसेच. पाय भाजतो आहे हे त्यांना कळत नाही, फोड दिसल्यावर कळते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांनी पाय हीटरकडे करून बसू नये. मोजे आणि गोधडी बरी.

*म्हातारी माणसे:* रोज तासन्‌तास हीटरला किंवा सिगडीला चिकटून बसल्याने पोटऱ्यांवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग पडतात. ती कातडी उष्णतेने खराब होत असल्याची खूण आहे. अंतर वाढवा. डाग जात नसतील किंवा तिथे गाठ, जखम झाली तर डॉक्टरांना दाखवा.

*तान्ही बाळे:* हीटरचा झोत बाळावर नको. हीटर लावला असेल तर टोपी, स्वेटर, दुपटे, ब्लँकेट सगळे एकदम नको. मानेला घाम आला, गाल लाल झाले तर बाळाला गरम होते आहे. आईच्या छातीशी धरलेले बाळ सगळ्यात चांगले उबदार राहते.

*दम्याचे रुग्ण:* ब्लोअर धूळ उडवतो. साफ करूनच लावा. हवा कोरडी वाटली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पसरट भांड्यात पाणी ठेवा. हीटरवर किंवा हीटरजवळ पाणी ठेवू नका.

काही झालेच तर

*भाजले:* भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडा. बर्फ नको. बांगड्या, अंगठी, करदोटा लगेच काढा, नंतर सूज येते. बाकीचे अंग मात्र चादरीने झाकून उबदार ठेवा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ ओल्या कपड्याने झाकून दवाखान्यात न्या. लहान मूल असेल, चेहरा, हात किंवा जांघ भाजली असेल तर जखम छोटी दिसली तरी न्याच.

*शॉक लागला:* माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने, स्वतः कोरड्या जागी उभे राहून, त्याला वायरपासून दूर करा. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबत राहा. शॉक लागलेला माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या. विजेची इजा बाहेर लहान आणि आत मोठी असू शकते.

*आग लागली:* मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी टाकू नका. आग हाताबाहेर जाते आहे असे वाटले तर सामानाचा मोह सोडून सगळ्यांना बाहेर काढा, जमल्यास सिलिंडरचे रेग्युलेटर बंद करा, शेजाऱ्यांना हाका मारा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. आपल्या वस्तीत घराला घर लागून आहे. एका घरची आग एका घरची राहत नाही.

आज संध्याकाळी एवढे करा

घरात हीटर असेल तर आज लावण्याआधी तो जरा तिरपा करून बघा. बंद होत नसेल तर त्याचे बटण मेले आहे किंवा कुणीतरी मारले आहे. दुरुस्त होईपर्यंत तो हीटर वापरू नका. जाळी साफ करा, प्लग आणि सॉकेट पाहा, हीटर किती वॅटचा आहे ते वाचा. वस्तीत एखादा भरवशाचा वायरमन असेल तर चार घरांनी मिळून त्याला एक दिवस बोलवा आणि सगळ्यांची अर्थिंग तपासून घ्या. खर्च वाटला जातो आणि काम एका दिवसात होते.

हीटरची गरज कमी करायची तर टिनाच्या फटी आणि दाराखालची फट जुन्या कपड्याने बुजवा. सिगडी मात्र मग आत आणायची नाही. जमिनीवर सतरंजीखाली पोते किंवा पुठ्ठा घाला, अर्धी थंडी फरशीतून येते. झोपताना गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवा.

आमच्या घरी आता नवे बटण बसवलेला तोच हीटर आहे, खाली फळी आहे, आणि रोज रात्री नऊ वाजता प्लग काढायचे काम मुलाकडेच आहे. काढल्यावर तो मला हाक मारून सांगतो, मग आम्ही अंथरुणे घालतो.